दिवाळखोरीनंतर टॅक्स कोड ‘एनटी’ झाला. वाढलेला पगार कोणाचा? (इंग्लंड)

लेस्टरवासी

नमस्कार. प्रश्न इंग्लंडमधल्या नोकरदारासाठी आहे, स्वतःचा धंदा नाही.

महिन्याचा पगार २,४०० पौंड, २८ तारखेला जमा होतो. दिवाळखोरीचा आदेश १८ सप्टेंबरला, ऑनलाइन अर्ज करून झाला. तोपर्यंत टॅक्स कोड (पगारातून किती कर कापायचा हे मालकाला सांगणारा क्रमांक) ११३२एल होता आणि दर महिन्याला साधारण २९१ पौंड कर जात होता. सप्टेंबर आणि ऑक्टोबरला तसाच गेला. नोव्हेंबरच्या पे-स्लिपवर मात्र कोड ‘एनटी एम१’ आणि कर शून्य! नॅशनल इन्शुरन्सचे (सामाजिक विम्याच्या वर्गणीचे) १०८ पौंड कापलेले आहेत. ऑफिशियल रिसीव्हरकडून (दिवाळखोरीचा कारभार बघणारा सरकारी अधिकारी) याबद्दल अजून काहीच पत्र नाही.

ही पेरोलची चूक आहे का? हे २९१ पौंड खर्च करायचे की ठेवून द्यायचे? पुढच्या सप्टेंबरात डिस्चार्ज, म्हणजे दिवाळखोरीतून सुटका, मिळेपर्यंत हा कोड राहणार का? आणि नंतर पुन्हा ११३२एल येणार की दुसरंच काही?

पेरोलची_वही

चूक नाही. एनटी म्हणजे ‘नो टॅक्स’. ज्या करवर्षात दिवाळखोरीचा आदेश होतो त्या वर्षाचा प्राप्तिकर एचएमआरसी (ब्रिटनचं कर खातं) दिवाळखोरीतल्या देण्यांमध्ये धरते. मग तोच कर पुन्हा पगारातून कापता येत नाही, म्हणून उरलेल्या वर्षासाठी मालकाला एनटी कोड पाठवला जातो. आदेशानंतर तो पेरोलपर्यंत पोचायला काही आठवडे लागतात. तुमचे सप्टेंबर-ऑक्टोबर त्यातच गेले.

नॅशनल इन्शुरन्स कापला जाणारच, त्याचा टॅक्स कोडशी संबंध नाही. महिन्याला १,०४८ पौंडांच्या वरच्या पगारावर ८ टक्के, म्हणजे तुमच्या बाबतीत १०८ पौंड १६ पेन्स. स्टुडंट लोनचा हप्ता असता तर तोही चालू राहिला असता.

आता ‘एम१’कडे नीट बघा, कारण घोळ बहुतेक इथेच होतो. एम१ म्हणजे प्रत्येक महिना सुटा धरायचा, मागचं काही मोजायचं नाही. हा एम१ नसेल आणि पेरोलने नुसता एनटी घातला तर सॉफ्टवेअर ६ एप्रिलपासूनचा हिशोब नव्याने मांडतं आणि आधी कापलेला सगळा कर एकाच पे-स्लिपमध्ये परत देतं. तुमच्या आकड्यांत एप्रिल ते ऑक्टोबर असे सात पगार, म्हणजे दोन हजारांहून जास्त पौंड. तसं झालं तर ती रक्कम बाजूला ठेवून लगेच रिसीव्हरला लिहायचं. तो परतावा मुख्यतः आदेशापूर्वीच्या कराचा असतो आणि त्यावर पहिला हक्क तुमचा नसतो. तुमच्या पे-स्लिपवर एम१ आहे, म्हणजे तुमच्याकडे हे झालेलं नाही.

डिस्चार्जची आणि कोडची तारीख एकमेकींशी बांधलेली नाही. डिस्चार्ज साधारणपणे आदेशानंतर १२ महिन्यांनी आपोआप मिळतो. एनटी मात्र ५ एप्रिलला, करवर्ष संपलं की संपतो. आदेश एप्रिलच्या मध्यावर झाला तर एनटी जवळजवळ वर्षभर चालतो. मार्चमध्ये झाला तर तो पेरोलला पोचायच्या आत वर्षच संपतं आणि पे-स्लिपवर कधी दिसतही नाही.

मालकाला दिवाळखोरी कळते का, हेही पुष्कळजण विचारतात. पेरोलला येणाऱ्या नोटिशीत फक्त कोड असतो, कारण लिहिलेलं नसतं. एनटी इतर कारणांनीही लागतो, उदाहरणार्थ परदेशी राहणाऱ्या काही पेन्शनरांना. अर्थात जुना जाणता पेरोलवाला अंदाज बांधू शकतो.

बिनधास्त_बंडू

रिसीव्हरने मागितले नाहीत ना? मग गप्प बसा आणि वापरा. त्यांच्याकडे हजारो फायली असतात.

देणेकरी_सल्ला

बंडू, हा सल्ला अंगाशी येईल. आदेशाची माहिती एचएमआरसीला मिळाली म्हणूनच एनटी लागला. रिसीव्हरला हा कोड लागतो हे पक्कं ठाऊक असतं, त्यांचा हिशोब त्यावरच उभा असतो. शिवाय दिवाळखोरी चालू असताना उत्पन्न वाढलं तर ट्रस्टीला (दिवाळखोराची मालमत्ता सांभाळणारा, बहुधा रिसीव्हरच) २१ दिवसांत कळवणं बंधनकारक आहे. सहकार्य केलं नाही तर रिसीव्हर न्यायालयाकडे डिस्चार्ज थांबवण्याची मागणी करू शकतो. २९१ पौंडांसाठी तो धोका कोण घेईल?

लेस्टरवासी, आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे. कापला न गेलेला कर हे उत्पन्न धरलं जातं. रिसीव्हर तुमचं उत्पन्न आणि घरखर्च मांडतो. महिन्याला २० पौंड किंवा त्याहून जास्त उरत असतील तर इन्कम पेमेंट्स अग्रीमेंट, म्हणजे आयपीए, सही करायला पाठवतो. साधा आयपीए तीन वर्षांपर्यंत चालतो आणि डिस्चार्जनंतरही चालू राहतो. एनटीमुळे वाढलेल्या रकमेपुरता आयपीए मात्र एप्रिलपर्यंतच असतो. काहींना दोन्ही एकाच करारात येतात: मार्चअखेरपर्यंत मोठा हप्ता, पुढे लहान. अशा वेळी बँकेतली स्टँडिंग ऑर्डर एप्रिलमध्ये स्वतः बदलावी लागते. ती विसरली की कर पुन्हा कापला जात असतानाही मोठा हप्ता जात राहतो.

कराराचं पत्र उशिरा येतं, दोन-तीन महिने सहज लागतात, आणि मग मागणी पहिल्या एनटी पगारापासूनची येते. म्हणून नोव्हेंबरपासूनचे २९१ वेगळ्या खात्यात टाकत जा. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, असे पाच पगार म्हणजे १,४५५ पौंड. पत्रात सुरुवातीचा महिना सप्टेंबर किंवा ऑक्टोबर धरला असेल तर त्या दोन्ही पे-स्लिप पाठवून दुरुस्त करून घ्या. त्या महिन्यांत कर कापला गेलेला आहे, तेव्हा वाढीव पैसा तुमच्या हातात आलेलाच नाही.

पण सगळे २९१ द्यावेच लागतील असं गृहीत धरू नका. इन्सॉल्व्हन्सी अॅक्ट १९८६ चं कलम ३१० सांगतं की न्यायालयाचा उत्पन्नाचा आदेश दिवाळखोराच्या आणि त्याच्या कुटुंबाच्या वाजवी घरगुती गरजांना पुरेल त्याच्या खाली उत्पन्न नेऊ शकत नाही. करार त्याच मापाने मोजून घ्यायचा. कर कापून घेतल्यावर जर तुमचं अंदाजपत्रक महिन्याला ९० पौंडांनी तोट्यात जात असेल, तर २९१ मधून आधी ते ९० भरून काढा आणि उरलेल्या २०१ बद्दल बोला. त्यासाठी खर्चाचा तक्ता प्रामाणिक आणि पुरावा जोडलेला हवा. शाळेच्या बसचा पास, चष्मा, गाडीची एमओटी (वार्षिक तपासणी), बॉयलरची दुरुस्ती यांसारखे वर्षातून एकदाच येणारे खर्च लोक हमखास विसरतात. वर्षाची रक्कम १२ ने भागून तक्त्यात घाला.

सही करायला नकार दिला तर रिसीव्हर न्यायालयातून तसाच आदेश मागू शकतो, आणि तिथे तुमच्या बाजूने मांडायला याच तक्त्याशिवाय दुसरं काही नसतं. तेव्हा पटत नसलेला आकडा सही करण्याआधी लेखी खोडून काढा.

लेस्टरवासी

दोघांचेही आभार. दोन गोष्टी राहिल्या. घरात दोन मुलं आहेत आणि युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नाला मिळणारी सरकारी मदत) मिळतं. डिसेंबरच्या स्टेटमेंटमध्ये ते अचानक १६० पौंडांनी कमी झालं. याचा एनटीशी संबंध आहे का? आणि डिसेंबरपासून शनिवारी दुसरी छोटी नोकरी मिळते आहे, तिथे कोड काय लागेल?

देणेकरी_सल्ला

संबंध थेट आहे, आणि माझ्या मते या विषयातली सगळ्यात दुर्लक्षित बाजू हीच. युनिव्हर्सल क्रेडिट तुमची कर, नॅशनल इन्शुरन्स आणि पेन्शन वजा जाता हातात येणारी कमाई बघतं, आणि तो आकडा मालकाने एचएमआरसीला पाठवलेल्या पगाराच्या माहितीतून आपोआप येतो. कर शून्य झाला की ‘कमाई वाढली’ असं गणित होतं. वाढलेल्या प्रत्येक पौंडामागे ५५ पेन्स कापले जातात. २९१ चे ५५ टक्के म्हणजे १६० पौंड ५ पेन्स. तुमचा आकडा अगदी बरोबर जुळतो.

म्हणजे एनटीचा खरा फायदा महिन्याला २९१ नाही, सुमारे १३१ पौंड आहे. आणि आयपीएचा हप्ता युनिव्हर्सल क्रेडिट कमाईतून वजा करत नाही. रिसीव्हरने पूर्ण २९१ मागितले आणि तुम्ही सही केली, तर दरमहा १६० पौंड घरखर्चातून जातील. पाच महिन्यांत १,४५५ आणि ६५५ मधला फरक, म्हणजे आठशे पौंड.

उपाय सोपा आहे पण तो तुम्हालाच करावा लागेल, रिसीव्हरच्या हिशोबात आपोआप येणार नाही. एनटीच्या आधीचं आणि नंतरचं युनिव्हर्सल क्रेडिटचं स्टेटमेंट ऑनलाइन खात्यातून डाउनलोड करा, ऑक्टोबर आणि नोव्हेंबरच्या पे-स्लिप त्याशेजारी ठेवा आणि चार ओळींचं पत्र लिहा: ‘कर २९१ ने घटला, युनिव्हर्सल क्रेडिट १६० ने घटलं, निव्वळ वाढ १३१, कृपया करार या आकड्यावर करावा.’ फोनवर सांगून भागत नाही, लेखीच द्या. कौन्सिल टॅक्समध्ये उत्पन्नानुसार सवलत मिळत असेल तर तीही तपासा. तिचे नियम प्रत्येक कौन्सिलचे वेगळे असतात.

सही आधीच झाली असेल तरी परिस्थिती बदलल्याचं कळवून हप्ता बदलून मागता येतो. आधी असेल तर बरं, एवढंच.

पेरोलची_वही

दुसऱ्या नोकरीबद्दल. टॅक्स कोड माणसाचा नसतो, प्रत्येक नोकरीचा वेगळा असतो. स्टार्टर चेकलिस्टमध्ये (नव्या मालकाला भरून द्यायचा फॉर्म) ‘मला दुसरी नोकरी आहे’ असं कळवलं की तिथे बीआर लागतो, म्हणजे पहिल्या पौंडापासून सरसकट २० टक्के. पहिल्या नोकरीवरचा एनटी तिकडे आपोआप जात नाही. पर्सनल टॅक्स अकाउंटमध्ये किंवा एचएमआरसीच्या अॅपमध्ये नवी नोकरी दिसू लागली की आदेशाची तारीख सांगून कोड तपासून मागा. पण त्याने फार फरक पडेल असं समजू नका. वाचलेला कर पुन्हा रिसीव्हरच्याच हिशोबात जाईल, आणि युनिव्हर्सल क्रेडिट आणखी खाली येईल. नवी कमाई मात्र २१ दिवसांत कळवायची, कोड कुठलाही असो.

चेकलिस्टमध्ये ‘ही माझी एकमेव नोकरी’ यावर चुकून टिक केलं तर तिथे १२५७एल लागेल. एनटी असेपर्यंत कुणाला कळणार नाही. एप्रिलमध्ये पहिल्या नोकरीलाही १२५७एल आला की दोन्हीकडे १२,५७० पौंडांची सूट मोजली जाईल आणि वर्षाच्या शेवटी करबाकी निघेल.

आता ११३२एल. शेवटचा आकडा गाळलेला असतो: ११३२ म्हणजे ११,३२० पौंड करमुक्त. नेहमीची सूट १२,५७०. मधले १,२५० कुठे गेले? बहुधा मागच्या एखाद्या वर्षाची २५० पौंडांची करबाकी वसूल करण्यासाठी सूट कमी केलेली होती, कारण १,२५० च्या २० टक्के म्हणजे २५०. ३,००० पौंडांच्या आतली बाकी एचएमआरसी अशीच कोडमधून कापते. तुमच्याकडची कोडिंग नोटीस काढून बघा, त्यात ‘मागील वर्षाची कमी भरलेली रक्कम’ अशा अर्थाची ओळ असेल.

ती बाकी आदेशाच्या आधीच्या वर्षाची असेल, तर ती दिवाळखोरीतलं देणं झाली. पुढच्या कोडमधून ती वसूल व्हायला नको. नव्या वर्षाचे कोड साधारण जानेवारी ते मार्चमध्ये निघतात. अॅपमध्ये बघत राहा, १२५७एल आला तर ठीक. पुन्हा ११३२एल किंवा तसाच कमी आकडा आला तर एचएमआरसीला आदेशाची तारीख आणि दिवाळखोरीचा क्रमांक देऊन ती ओळ काढायला सांगा. कंपनीची गाडी, खासगी आरोग्य विमा यांसाठी सूट कमी झालेली असेल तर ती चूक नाही, ते चालू वर्षाचं आहे. कोड के ने सुरू होत असेल तर वजावटी करमुक्त रकमेपेक्षा जास्त झाल्या आहेत, तिथे प्रत्येक ओळ वाचाच.

आणि एप्रिलचा पगार डोळ्यांत तेल घालून बघा. नवीन कोड पेरोलला वेळेत पोचला नाही तर मालक जुना कोड पुढे नेतो, आणि नेताना एम१ गळून पडतो. म्हणजे नव्या वर्षात नुसता एनटी चालू राहतो. पगार जास्त आला म्हणून माणूस खूश होतो, पण ६ एप्रिलनंतरचा कर तुमचा स्वतःचा आहे, दिवाळखोरीने तो माफ होत नाही. कर्जमुक्त झाल्यावरचं पहिलं नवं कर्ज असं एचएमआरसीचंच होतं. तुमच्या पगारावर १२५७एलने महिन्याला साधारण २७० पौंड कर यायला हवा. एप्रिलला शून्य दिसला तर ते २७० ठेवून द्या आणि त्याच आठवड्यात एचएमआरसीला कळवा. मेमध्ये नेहमीचा १२५७एल लागला तर दोन महिन्यांचे ५४० एकदम कापले जातील. एप्रिलनंतरच्या साध्या आयपीएचा हिशोबही २७० धरूनच व्हायला हवा, २९१ नाही.

सुमन_हॅरो

चांगली चर्चा. यात पी८०० ची, म्हणजे वर्षअखेरच्या कर-हिशोबाच्या पत्राची, भर घालते. वर्ष संपल्यावर एचएमआरसीचा संगणक सगळ्यांचा हिशोब जुळवतो. लेस्टरवासींच्या पी६० वर (मालकाने दिलेला वर्षाचा पगार-कर दाखला) २८,८०० पौंड पगार आणि फक्त सात महिन्यांचा कर, म्हणजे २,०३७ दिसेल. संगणकाच्या लेखी वर्षाचा कर ३,२४६. दिवाळखोरीची नोंद त्या खात्याला नीट जोडलेली नसेल तर ‘तुमच्याकडून बाराशे पौंड येणे’ अशा अर्थाचं पत्र येऊ शकतं. घाबरून भरू नका आणि दुर्लक्षही करू नका. आदेशाची प्रत जोडून कळवा की त्या वर्षी एनटी एचएमआरसीनेच दिला होता आणि त्या वर्षाचा कर दिवाळखोरीत धरलेला आहे. उत्तर दिलं नाही तर तीच रक्कम त्यापुढच्या वर्षीच्या कोडमध्ये गुपचूप शिरते.

उलटही होतं. जुन्या वर्षांचा परतावा मिळवून देतो म्हणून जाहिरात करणाऱ्या कंपन्या असतात, गणवेशाची धुलाई, अवजारं वगैरेंच्या नावाखाली. आदेशापूर्वीच्या वर्षांचा परतावा दिवाळखोरीच्या मालमत्तेत जातो, डिस्चार्जनंतर मागितला तरीही. त्याआधी एचएमआरसी स्वतःची बाकी वळती करून घेऊ शकते. म्हणजे पैसे ट्रस्टीला किंवा एचएमआरसीला, आणि कंपनीचं कमिशन तुमच्या माथी.

माझा एक प्रश्न: नोकरी नसून सोल ट्रेडर (एकट्याचा धंदा करणारा) असेल तर एनटीचं काय?

देणेकरी_सल्ला

सोल ट्रेडरला टॅक्स कोडच नसतो, त्यामुळे एनटीही नाही. आदेशाच्या दिवशी वहीत रेघ मारा: त्या दिवसापर्यंतची विक्री-खर्च वेगळी, पुढची वेगळी. आदेशापर्यंतचा कर एचएमआरसी दिवाळखोरीत मागते. त्यानंतरच्या नफ्याचा कर आणि नॅशनल इन्शुरन्स स्वतः भरायचा असतो, म्हणून दर महिन्याला नफ्यातून तेवढी रक्कम बाजूला काढावी आणि रिसीव्हरच्या तक्त्यात ती खर्च म्हणून दाखवावी. ही ओळ तक्त्यात नसेल तर करासाठी लागणारे पैसेच ‘शिल्लक’ म्हणून आयपीएत जातात.

रिटर्न भरणं थांबत नाही, ऑनलाइनची मुदत ३१ जानेवारीच. थकलेली जुनी रिटर्नंही भरून टाका. ती नसतील तर एचएमआरसी अंदाजाने आकडा लावते आणि तो बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा मोठा असतो. नोकरी आणि धंदा दोन्ही असेल तर नोकरीवर एनटी लागेल, धंद्याचा हिशोब वरीलप्रमाणे वेगळा.

वाचणाऱ्यांपैकी कोणी स्कॉटलंडमध्ये असेल तर वरचं आयपीएचं गणित तिथे लावू नका. तिथल्या दिवाळखोरीला सिक्वेस्ट्रेशन म्हणतात, कारभार अकाउंटंट इन बँकरप्सी या सरकारी अधिकाऱ्याकडे असतो आणि उत्पन्नातलं योगदान साधारण ४८ महिन्यांचं असतं.